लाल ठिपका

साडेसहाला तिपाईचे पाय ढेकळांत रोवले,
मध्ये दगडांची पिशवी टांगली.
ब्राह्मणवेलच्या पठारावर वारा कुणाला विचारत नाही,
पवनचक्की फिरवतो तसा माणसालाही फिरवतो.
भिंगाची कडी चिकटपट्टीनं बांधून टाकली.
आता काम होईपर्यंत कॅमेरा हलवायचा नाही,
एवढा एकच नियम.

पहिला फोटो जमिनीचा.
सूर्य बुडून वीस मिनिटं झालेली,
उजेड येतोय कुठून ते सांगता येत नाही, पण आहे,
ताकाच्या निवळीसारखा, निळसर.
हरभरा काढलेलं रान,
बाभळीच्या काट्यांचं कुंपण,
आत बसवलेली शे-सव्वाशे मेंढरं
आणि काठीवर हनुवटी टेकून भिवसन.
आठ सेकंद हलू नको, म्हटलं.
तो हलला नाही. मेंढ्या हलल्या थोड्या.

मग वाट पाहणं.
कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, पाणी,
गाडीच्या बॉनेटला पाठ लावून एक डुलकी.
चक्क्यांवरचे लाल दिवे
एकदम लागत, एकदम विझत,
जणू सगळं पठार एकाच पापणीचं.

दोनला दुसरा फोटो, आभाळाचा.
विंचू वर आला होता, शेपटीपाशी आकाशगंगा
सांडलेल्या पिठासारखी.
खाली मात्र नुसतं काजळ.
रान नाही, कुंपण नाही, मेंढरू नाही.

साक्रीत माझा स्टुडिओ आहे.
सुरतेत लूमवर अडकलेल्या भावाला
मी बहिणीच्या हळदीत उभं केलंय,
मिटलेले डोळे उघडलेत,
वारलेल्या आजोबांच्या मांडीवर नातू दिलाय.
पैसे घेतले. झोप लागली.
या दोन फोटोंपाशी मात्र हात अडला:
सातची जमीन, दोनचं आभाळ,
मधले सात तास कुठे टाकायचे?

अर्धं शटर ओढून जोडत बसलो.
डोंगराची कड सर्वात अवघड,
जरा चुकली की पांढरी किनार उमटते
आणि खोटेपणा लांबून दिसतो.
संध्याकाळ विझवत आणली.
रात्रीची जमीन मी पुरती फेकत नाही,
पंधरा टक्के ठेवतो, काळोख मुरायला.
त्या काळोखात कसले कसले ठिपके येतात,
कॅमेरा तापला की येतातच.
हिरवे पुसले, पांढरे पुसले,
मेंढ्यांच्या उजव्या अंगाला
एक लाल होता, तोही पुसला.

तिसऱ्या दिवशी भिवसनचा तळ दहिवेलच्या अलीकडे.
मोबाईलवर दाखवला.
बराच वेळ बघून म्हणाला,
‘मन्या मेंढ्या रातना दोन वाजता उभ्या कसाले?’
मी सांगितलं, दोन फोटो आहेत, जोडलेत.
तो हसला. मग बोट सरकवत म्हणाला,
‘आनि मी कोठे शे?’
हा काय, काठीवर.
‘हाऊ सांजना. रातना कोठे शे?
खाटलं कलनं का रोज उठस मी. लांडगा येस.
तठे उभा व्हतू, बिडी पेटाडेल.’

मी घरी येऊन मूळ फोटो उघडला.
काजळात तो एकच लाल कण,
दीड माणूस उंचीच्या अंधारात
छातीच्या जरा वर.

परत बसवला.
पंधरा टक्के नाही, पूर्ण.

आता फोटो दुकानात दर्शनी लावलाय.
त्यात भिवसन दोनदा आहे
आणि मोजणाऱ्याला एकदाच सापडतो.
लग्नाच्या अल्बमचा भाव करता करता
गिऱ्हाईक विचारतं, हा डाग कसला?
डाग नाही, म्हणतो मी.
तरी कुणी ना कुणी
अंगठ्याला थुंकी लावून
काच पुसून बघतंच.